अठ्ठाविसावा दिवस

सकाळी आठला फ्रीजमधून खोका काढून टेबलावर ठेवला. सिस्टर दहाला येणार. तोवर आतली कुपी आणि द्रावणाची सिरिंज, दोन्हींचा गारठा जायला हवा. माहितीपत्रकात किमान अर्धा तास लिहिलाय, मी दोन तास देते. का, ते पुढे येईल. हे माझं एकेचाळिसावं इंजेक्शन, अ‍ॅक्रोमेगली नावाच्या हार्मोनच्या आजारावरचं.

काल एका जुन्या सहकारी मैत्रिणीचा फोन आला होता. बोलता बोलता तिनं विचारलं, "आता बरी झालीस ना गं पूर्ण?" मी "हो" म्हणाले. मग "नाही, तसं नाही" म्हणाले. मग "आटोक्यात आहे" म्हणाले. पलीकडे जरा शांतता पसरली आणि तिनं विषय बदलला. फोन ठेवल्यावर वाटलं, आज हे दोन तास मोकळे आहेतच, तर तिला द्यायचं होतं ते उत्तर लिहूनच काढावं.

मी मुद्रितशोधक आहे. बावीस वर्षं लोकांच्या चुका पकडतेय. जो मजकूर रोज डोळ्यांखालून जातो त्यातल्या चुका दिसेनाशा होतात, हे या कामात पहिल्याच वर्षी कळतं. म्हणून शेवटचं प्रूफ शक्यतो दुसऱ्याला द्यायचं असतं. माझा चेहरा मात्र मी एकटीच वाचत होते, रोज, आरशात.

अंगठी निघेना तेव्हा साबण लावून काढली आणि कपाटात ठेवून दिली. वजन वाढलंय, असं स्वतःला सांगितलं. चपला दोन नंबरांनी वाढल्या, त्याचा दोष वयाला दिला. चष्म्याच्या काड्या कानशिलांवर रुतायला लागल्या, तर नवी फ्रेम घेतली. खालच्या दातांत फटी पडल्या. फोनवर लोक मला माझा नवरा समजायला लागले, त्याची आम्ही घरात थट्टा केली. घोरणं इतकं वाढलं की नवरा उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला, त्याची थट्टा मात्र कुणी केली नाही. रात्री घामानं उशीचा अभ्रा भिजायचा. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, साखर काठावर आली, कपाळामागे कायम एक जडपणा असायचा.

हे सगळं सात-आठ वर्षांत झालं. प्रत्येक तक्रारीला वेगळा डॉक्टर होता आणि प्रत्येकानं आपापल्या तक्रारीवर योग्य तेच औषध दिलं. एकेका पानावर चूक नव्हतीच. सगळी पानं एकत्र लावून कुणी वाचली नव्हती, मीसुद्धा.

शेवटी हात अडले. रात्री बोटांना मुंग्या यायच्या, सकाळी लाल पेन धरता यायचं नाही. मनगटातली नस दाबली गेली होती. कार्पल टनेल म्हणतात त्याला. छोटं ऑपरेशन ठरलं. त्याआधीच्या तपासणीत भूल देणाऱ्या डॉक्टरीण बाईंनी तोंड उघडायला सांगितलं, टॉर्च मारला आणि बराच वेळ माझ्या जिभेकडे बघत राहिल्या.

"घोरता का?"

"हो."

"बुटांचा नंबर वाढलाय इतक्यात?"

मला हसू आलं. मनगटाच्या ऑपरेशनचा बुटांशी काय संबंध? त्या हसल्या नाहीत. माझे हात हातात घेऊन उलटेपालटे केले, अंगठी कधीपासून घालत नाही ते विचारलं आणि एका कागदावर 'आयजीएफ-१' ही रक्ततपासणी लिहून ऑपरेशन पुढे ढकललं. हाताचे सर्जन जरा वैतागलेच. माझं मनगट मोकळं करायला कुणाला सुरी लावावीच लागली नाही, हे आज त्यांना कुणी कळवलंय का, माहीत नाही. मूळ आजारावर उपचार झाले आणि मुंग्या आपोआप गेल्या.

आजाराचं नाव अ‍ॅक्रोमेगली. ग्रीकमध्ये 'अक्रॉन' म्हणजे टोक, 'मेगास' म्हणजे मोठं. शरीराची टोकं वाढतात. हात, पाय, नाक, जबडा. पिएर मारी नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८८६ मध्ये हे नाव दिलं. माझ्या मते फार नेमकं नाव आहे, आजारांना अशी नावं क्वचित मिळतात. दर दहा लाख माणसांमागे वर्षाला तीन-चार नवे रुग्ण सापडतात. त्यामुळे आधीच्या डॉक्टरांवर मी रागावलेली नाही. निदान पूर्वीइतकी तरी नाही.

कारण जवळपास नेहमी एकच असतं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या बरोबर मागे, हाडाच्या एका खोबणीत वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. तिच्यावर गाठ येते. कॅन्सरची नव्हे, साधी, हळूहळू वाढणारी. ही गाठ कुणालाही न विचारता ग्रोथ हार्मोन सोडत राहते. ते रक्तातून यकृतात जातं आणि यकृत आयजीएफ-१ बनवतं. वाढ करायची असते ती मुख्यतः या आयजीएफ-१ च्या हुकमावरून. लहानपणी हाडांची टोकं जुळायच्या आधी असं झालं तर माणूस प्रचंड उंच होतो. मोठेपणी उंची वाढायला वाव नसतो, म्हणून हाडं जाड होतात आणि त्यांच्यासोबत जीभ, घसा, हृदयसुद्धा.

ग्रोथ हार्मोन लाटांनी सुटतं. एका क्षणी भरपूर, तासाभरानं जवळपास शून्य. त्यामुळे ते मधेच कधीतरी मोजून फारसं काही कळत नाही. आयजीएफ-१ दिवसभर बऱ्यापैकी स्थिर असतं, म्हणून तपासणी त्याची करतात. वयाप्रमाणे त्याची मर्यादा बदलते. माझ्या वयाला प्रयोगशाळेनं छापलेली वरची मर्यादा २४० च्या आसपास होती. माझा आकडा ८१२. मी आधी छपाईची चूक समजले, खरंच. दशांशचिन्ह राहिलं असेल म्हणून फोन करून विचारलं.

मग साखरेची चाचणी झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून पाजतात आणि दोन तास दर अर्ध्या तासानं रक्त घेतात. निरोगी शरीरात साखर वाढली की ग्रोथ हार्मोन खाली जातं, १ नॅनोग्रॅमच्याही खाली. माझं १४ वरून हललंच नाही. एमआरआयमध्ये गाठ दिसली, १७ मिलिमीटरची. १० च्या वर गेली की तिला मोठी म्हणतात. वर दृष्टीच्या नसांना ती जेमतेम टेकली होती आणि डावीकडे एका शिरांच्या कप्प्यात घुसली होती. मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी त्याच कप्प्यातून जाते. माझ्या पुढच्या साऱ्या गोष्टी या 'डावीकडे'मुळे झाल्या.

एंडोक्रायनोलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी, जुने फोटो आणायला सांगितले. दर दोन-तीन वर्षांचा एक. मी आणि मुलगा रात्री जमिनीवर फोटो मांडत बसलो. सातवा फोटो ठेवल्यावर तो पहिल्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही कोण?" गमतीनं म्हणाला होता. मग आम्ही दोघंही गप्प झालो.

ऑपरेशन नाकातून करतात. कवटी उघडत नाहीत. हरमान श्लोफर नावाच्या सर्जननं १९०७ मध्ये इन्सब्रुकला पहिल्यांदा या वाटेनं पिट्यूटरीपर्यंत जाऊन दाखवलं, तेव्हा रुग्णाचं नाक कापून बाजूला उलटावं लागलं होतं. आता एका नाकपुडीतून दुर्बीण जाते आणि बाहेर एकही टाका दिसत नाही. छोटी गाठ असेल आणि हात सराईत असेल, तर दहातले आठ-नऊ रुग्ण यातच सुटतात. मोठी असेल तर निम्म्याच्या आसपास. माझ्या सर्जननी आधीच सांगितलं होतं, "डावीकडच्या कप्प्यातलं मी ओढून काढणार नाही. ती धमनी फुटली तर सगळंच संपेल." मला ते बोलणं आवडलं. काय काढणार नाही हे आधी सांगणारा माणूस मला विश्वासाचा वाटतो.

मांडीतली थोडी चरबी काढून तिथल्या फटीला बूच मारलं होतं. नंतरच्या सूचना विचित्र होत्या. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. वाकायचं नाही, कुंथायचं नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही. नाकातून खारट, पातळ पाणी आलं तर लगेच फोन करायचा, कारण ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. पहिले दोन दिवस नर्स माझं पिणं आणि लघवी दोन्ही मापून वहीत लिहीत. पिट्यूटरी पाण्याचा हिशेबही ठेवते आणि हात लागल्यावर ती काही दिवस गोंधळू शकते.

इथेच मी फसले. चौथ्या दिवशी घरी सोडताना सर्जन तोंडी म्हणाले होते, "तहान लागेल तेवढंच पाणी प्या, जास्त नको." हातात मिळालेल्या छापील कागदाच्या तळाशी मात्र ठरावीक ओळ होती, 'भरपूर पाणी प्यावे.' सगळ्याच रुग्णांच्या कागदावर असते तशी. आयुष्यभर छापील ओळींवर शंका घेत जगलेल्या मी ती एक ओळ निमूटपणे पाळली. सातव्या दिवशी संध्याकाळी डोकं फुटायला आलं, मळमळायला लागलं आणि शब्द सापडेनात. पुस्तक उघडलं तर अक्षरं दिसत होती, पण ओळ लागत नव्हती. रक्तातलं सोडियम १२४ वर आलं होतं. १३५ च्या खाली जायला नको. पुन्हा भरती, तीन दिवस रोज मोजून एक लिटर पाणी. या ऑपरेशननंतर साधारण आठवड्याभरानं सोडियम असं घसरू शकतं. म्हणून त्या सुमारास ते तपासून घेतातच, माझंही दुसऱ्या दिवशी तपासायचं होतं. कुणाचं हे ऑपरेशन होणार असेल तर पाणी किती प्यायचं ते लिहून घ्या आणि छापील ओळीशी ताडून बघा. ती ओळ मी नंतर लाल पेनानं खोडून हॉस्पिटलला परत पाठवली. उत्तर आलं नाही.

पण त्या आठवड्यातलीच एक गोष्ट अजून खरी वाटत नाही. ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री उशी कोरडी होती. सहाव्या दिवशी बोटांवर सुरकुत्या दिसल्या. फुगलेल्या बोटांवर त्या कित्येक वर्षं नव्हत्या. गाठीचा मोठा भाग गेल्याबरोबर शरीरात साठलेलं पाणी उतरायला लागलं होतं. नवऱ्यानं कपाटातून अंगठी आणून दिली. पेरापाशी अडली, मग गेली. महिन्याभरात तो त्याची उशी घेऊन परत आला.

बारा आठवड्यांनी आयजीएफ-१ मोजलं. त्याआधी मोजलं तर आकडा फसवा असतो. ४३०. अर्ध्यावर आलं होतं, पण मर्यादेच्या बरंच वर. डावीकडचा तुकडा आपलं काम करत होता. इंजेक्शनं तिथून सुरू झाली.

आपल्या शरीरात ग्रोथ हार्मोनला लगाम घालणारं एक संप्रेरक असतं, सोमॅटोस्टॅटिन. ते १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये सापडलं. अडचण एवढीच की रक्तात ते दोन-तीन मिनिटं टिकतं. अमिनो आम्लांच्या चौदा दुव्यांची ती साखळी आठ दुव्यांवर आणून शास्त्रज्ञांनी ऑक्ट्रिओटाइड बनवलं, ते काही तास टिकतं. पुढे ते सूक्ष्म गोळ्यांत भरलं. शरीरात विरघळणारे टाके ज्या कुळातल्या पदार्थाचे असतात, त्याच कुळातल्या पदार्थाच्या या गोळ्या. स्नायूत गेल्या की हळूहळू झिजतात आणि महिनाभर औषध सोडत राहतात. तात्पर्य, माझा लगाम अठ्ठावीस दिवसांचा आहे.

आता ते दोन तासांचं. तिसऱ्या इंजेक्शनच्या वेळी एका ठिकाणी खोका फ्रीजमधून काढून थेट फोडला. पावडर पाण्यात नीट भिजायच्या आधीच कुपी जोरजोरात हलवली आणि मग फोन आला म्हणून सिरिंज दोन मिनिटं बाजूला ठेवली. गोळ्या तळाशी बसल्या. सुई अर्ध्यावर तुंबली. जोर लावल्यावर महिन्याभराचं औषध माझ्या कमरेवरून ओघळून चादरीवर गेलं. एक पांढरा डाग. मी पालथी पडले होते, मला फक्त "अरेच्चा" ऐकू आलं.

तेव्हापासून मी पद्धत बदलली. जुन्या छापखान्यात एकजण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा आणि दुसरा प्रूफवर बोट ठेवून ताडायचा. आम्ही तसंच करतो. माहितीपत्रक मी वाचते, सिस्टर हात चालवतात. "पावडर पूर्ण ओली होईपर्यंत कुपी हलवू नये." "नाही हलवत." "तळाशी कोरडी पावडर नाही ना, पाहावे." "नाही." "तयार झाल्यावर लगेच टोचावे." "वळा." सिस्टरना पहिल्यांदा राग आला होता. आता मी एखादी ओळ गाळली तर त्याच थांबतात.

पहिले काही महिने पोटानं छळलं. इंजेक्शननंतर तीन-चार दिवस कळा, पातळ जुलाब. ते ओसरलं. पित्ताशयात गाळ साचलाय, त्यावर सोनोग्राफीनं लक्ष आहे. इंजेक्शनचा डोस २० मिलिग्रॅमचा ३० झाला, आयजीएफ-१ चा आकडा ३१० वर येऊन अडकला. मग कॅबरगोलिनच्या गोळ्या जोडल्या, आठवड्यातून दोनदा, रात्री, जेवणानंतरच, नाहीतर मळमळ. चार महिन्यांनी अहवाल आला, २२६. मर्यादेच्या आत. मी तो आकडा तीनदा वाचला. या वेळी दशांशचिन्हाची शंका घेतली नाही.

बाकीचं भराभर सांगते. हृदयाची सोनोग्राफी होते, भिंत जराशी जाड आहे. मोठ्या आतड्याची तपासणी झाली, कारण या आजारात तिथे गाठी येण्याचं प्रमाण जास्त असतं. एक सापडली, काढली, साधी होती. साखर उतरली. रक्तदाबाची गोळी अर्धी झाली. झोपेत श्वास थांबायचा तो पुष्कळ कमी झाला. गुडघे मात्र तसेच आहेत. सांध्यांचं जे झालंय ते परत फिरत नाही.

यापुढची पायरी रेडिएशन. दर वर्षी डॉक्टर विषय काढतात, दर वर्षी आम्ही तो पुढे ढकलतो. उरलेल्या तुकड्यावर नेमका मारा करता येतो. पण परिणाम दिसायला कित्येक वर्षं लागतात, तोवर इंजेक्शनं चालूच, आणि सोबत उरलेली चांगली पिट्यूटरीही हळूहळू मंदावू शकते. मग थायरॉइडची गोळी, कॉर्टिसोलची गोळी. आकडा आत असताना मला तो सौदा पटत नाही. हा माझा निर्णय आहे, दुसऱ्या कुणाच्या गाठीचा वेगळा असेल. आकडा बाहेर गेलाच तर इतर औषधं आहेत. पॅसिरिओटाइड आहे, पण ते साखर चढवतं. पेगव्हिसोमंट गाठीला हातच लावत नाही, फक्त शरीराला हार्मोनचा हुकूम ऐकू येऊ देत नाही. तेही बहुधा रोज टोचायचं. गोळ्याही आल्या आहेत. ऑक्ट्रिओटाइडच्या कॅप्सूलला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली, पाल्टुसोटिन नावाच्या रोजच्या गोळीला २०२५ मध्ये. मी डॉक्टरांना विचारून ठेवलंय. घाई नाही. खरं म्हणजे आहे थोडी.

आणि चेहरा. मैत्रिणीला खरं तर त्याबद्दलच विचारायचं होतं, असं मला वाटतं. सूज उतरते, हाड उतरत नाही. ओठ, पापण्या, गाल बरेच माझे परत आले. जबडा, भुवयांवरचं हाड, आवाज राहिले. जबड्याचं ऑपरेशन होऊ शकतं, आकडा बराच काळ स्थिर राहिल्यावर. मी चौकशी केली होती. मग कामावर एका नव्या मुलीला कुणीतरी माझी ओळख करून दिली. ती सहज म्हणाली, "हो, आवाज ओळखला, फोनवर बोललोय ना आपण." तिला हा एवढाच चेहरा आणि हाच आवाज माहीत होता. तिच्याकडे जुनी प्रत नव्हती. चौकशीचा कागद अजून खणात आहे, फाडला नाही.

सातवा फोटो आणि पहिला फोटो मात्र मी एका पाकिटात एकत्र ठेवलेत. त्या भूल देणाऱ्या डॉक्टरीण बाई दुसरीकडे गेल्या. मागच्या वर्षी पत्ता मिळवून त्यांना पत्र लिहिलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. त्यांना मी आठवत नव्हते, जीभ आठवत होती.

बेल वाजली. कुपी हाताला गार लागत नाही. गेल्या वेळी उजवी बाजू होती, आज डावी.